१२३४५६७८९८७६५४३२१ : पोस्टरवर या संख्येबद्दल काय काय लिहू?

सुनंदा_डोंबिवली

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईत.

२२ डिसेंबरला रामानुजन यांची जयंती, म्हणून राष्ट्रीय गणित दिवस. आमच्या भागातल्या बालवाचनालयाने यंदा एक अख्खी भिंत गणिताला दिली आहे आणि ती सजवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण काय, तर मी पतपेढीत कॅशला बसते. आकड्यांशी माझा संबंध जमा-नावे जुळवण्यापुरता, पण हे कमिटीला कोण सांगणार!

माझा बेत असा आहे. मधोमध एकच संख्या, भली मोठी, १२३४५६७८९८७६५४३२१. आणि भोवती ती कुठल्या कुठल्या गटात बसते त्याच्या चिठ्ठ्या. हीच का घेतली, तर ९ वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला की ही येते एवढं शाळेपासून लक्षात होतं. शिवाय असल्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात आणि ते नाव डोंबिवली स्टेशनवरून पडलंय असं वाचनात आलं. म्हणजे आमच्याच गावची की हो!

आता अडचणी.

पहिली. संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली तर ती आपोआप १२३४५६७८९८७६५४३०० झाली. परत टाकली, परत तेच. १०० ने भागून बाकी काढली तर शून्य! पतपेढीत एकवीस रुपये कमी भरले तर कुणाला घरी जाऊ देत नाहीत, आणि इथे मशीन एकवीस गिळून गप्प बसलंय.

दुसरी. पुतण्याने नेटवरून चिठ्ठ्यांची यादी काढून दिली: विषम, पॅलिंड्रोम (उलटी वाचली तरी तीच), पूर्ण वर्ग, हर्षद, देवळाली संख्या, परिपूर्ण संख्या. यातलं खरं किती? वाचनालयात निवृत्त शिक्षक पुष्कळ येतात. भिंतीवर चुकीचं लावलं तर माझी धडगत नाही.

तिसरी. ही वाचायची कशी? मुलं पाचवी ते आठवीची आहेत, पहिला प्रश्न तोच विचारणार.

पेन्सिलीने करून बघता येईल असं काही असेल तर फारच बरं. 'जादूई संख्या, १० मित्रांना पाठवा' छापाचं नको.

बिटबायट

ताई, तुमचे एकवीस रुपये मी सापडवून देतो, बाकीचं जाणकार सांगतील.

स्प्रेडशीट, ब्राउझर वगैरे बहुतेक ठिकाणी संख्या ६४ बिटांच्या ठरावीक जागेत ठेवतात. त्यातले ५३ बिट प्रत्यक्ष आकड्यांसाठी. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या बिनचूक मावते. त्याच्या पुढच्या पट्ट्यात फक्त सम संख्या मावतात, विषमांना जागाच नाही. तुमची संख्या नेमकी त्या पट्ट्यात आहे आणि विषम आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकून बघा, शेवट ३२० दिसेल. एकच रुपया खाल्ला.

स्प्रेडशीटचा नियम आणखी कडक. पहिले १५ अंक ठेवायचे, पुढच्यांच्या जागी शून्य. तुमची संख्या १७ अंकी, म्हणून शेवटच्या २१ चं ०० झालं. टाकण्याआधी त्या रकान्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, म्हणजे जशीच्या तशी दिसेल, फक्त गणित करता येणार नाही. गणित करायचं असेल तर पायथॉन ही संगणकभाषा वापरा, त्यात पूर्ण संख्येला लांबीची मर्यादा नाही.

मी चालवून बघितलं. मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एकूण विभाजक ४५.

खडूफळा सर, धागा तुमच्याच वाटेला आलाय.

पाटीपेन्सिल

वाचायचं सांगते. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या पलीकडची नावं आता बँकेतही कुणी घेत नाही, तेव्हा मुलांना 'कोटी' दोनदा वापरायला सांगा: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव *कोटी*, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. एका दमात म्हणणाऱ्याला गोळी बक्षीस.

आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली (इ. स. ११५०) स्थानांची यादी हाताशी असेल तर प्रत्येक अंकाला वेगळं घर मिळतं. डावीकडून: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक. यादीत १८ स्थानं आहेत. तुमची संख्या सतरा वापरते, परार्ध तेवढं रिकामं राहतं.

खडूफळा

सुनंदाताई, कॅशला बसणाऱ्या माणसाला वजाबाकी शिकवायची गरज नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कागदावर १२३४५६७९ लिहा. मध्ये ८ नाही, तो राहिलेला नाही, मुद्दाम नाही. पुढे नऊ शून्यं द्या. त्यातून तेच १२३४५६७९ वजा करा.

१२३४५६७९०००००००००
− १२३४५६७९
= १२३४५६७८९८७६५४३२१

झाली तुमची संख्या तयार. नऊ शून्यं देऊन एकदा वजा करणं म्हणजे ९९९९९९९९९ ने गुणणं. (क्लासवाले याला 'एकन्यूनेन पूर्वेण' म्हणून वेगळी फी घेतात. तुम्ही फुकटात शिकवा.) तेव्हा आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ × ९९९९९९९९९. आणि १२३४५६७९ × ९ = १११११११११, म्हणून हीच १११११११११ चा वर्गही आहे. या एका ओळीतून जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या निघतात. पोरांना चिठ्ठ्या पाठ करायला लावू नका, ही ओळ करून घ्या. खालच्या वर्गातल्यांना १२३४५६७९ ला ६३ ने गुणायला सांगा, सात-सात-सात येताना त्यांचे चेहरे बघा.

८ का नाही? १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हा भागाकार खरं तर १, २, ३, ४ … ८, ९, १०, ११ असे आकडे एकेक घर पुढे सरकवत मांडलेली बेरीज आहे. दहा एका घरात मावत नाहीत, त्यांचा हातचा नवाकडे जातो. नवाचे दहा होतात, तिथे शून्य उरतं आणि हातचा आठाकडे जातो. आठाचा झाला नऊ. म्हणून सातानंतर थेट नऊ आणि मग शून्य. आठ गेला तो हातच्यात.

आता अवयव. बिटबायट यांनी मशीनला विचारले, आपण हाताने काढू. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. राहता राहिला प्रश्न, ३३३६६७ मूळ संख्या आहे हे कशावरून? वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, शंभरावर भागाकार. पण इथे सूट मिळते. ३३३६६७ ला भागणारी मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागणारच. ३ आणि ३७ सोडले तर अशा मूळ संख्येने १ ला भागल्यावर बरोबर नऊ-नऊ अंकांचा गट फिरून फिरून येतो, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने ती संख्या १८ च्या पटीत १ मिळवून आलेली असावी लागते. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. ३ ने भाग जात नाही हे अंकांच्या बेरजेवरून दिसतंच. सतरा भागाकार करा, एकानेही पूर्ण भाग जात नाही. ३७ ने तर बाकी १ उरते, अगदी थोडक्यात सुटली. आठवीतल्या एखाद्या चिवट पोराला हे द्या.

पुतण्याची यादी घेऊ.

विषम, पॅलिंड्रोम, पूर्ण वर्ग: तिन्ही बरोबर. विभाजक ४५, कारण घातांक ४, २, २, प्रत्येकात एक मिळवून ५ × ३ × ३. विभाजक जोडीजोडीने येतात, तरी इथे विषम आले, कारण १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते. विभाजकांत ३७०३७०३७, १००१००१, १२३४५६७९ अशी देखणी मंडळी आहेत, ती भिंतीवर घ्या.

परिपूर्ण: साफ चूक, फाडून टाका. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी, जशी ६ = १ + २ + ३. इथे ती बेरीज संख्येच्या साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपासच जाते, म्हणून ही न्यून संख्या. पण बेरीज न करताही सांगता येतं. ४५ विभाजक, सगळे विषम. ४५ विषम संख्यांची बेरीज विषमच येणार. परिपूर्ण असती तर स्वतःला धरून ही बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, यायला हवी होती. संपलं. याच युक्तिवादाने कुठलीही विषम वर्गसंख्या परिपूर्ण असू शकत नाही. आणि एकूणच विषम परिपूर्ण संख्या जगात कुणाला अजून सापडलेली नाही, अशी असू शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. हे मुलांना आवर्जून सांगा. गणितात सगळं शोधून संपलंय असा त्यांचा समज असतो.

हर्षद: बरोबर. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. इथे अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही १२३४५६७९ चा वर्ग.

देवळाली संख्या: नाही. इथे जरा थांबतो, कारण ही चिठ्ठी पडताळायला मजा येते आणि नेटवर कुणीही काहीही ठोकून देतं.

कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणजे २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२… या देवळाली संख्या, स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे का? सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, म्हणजे ३२१ मधून १५३ च्या आत वजा करायचं आहे, फक्त शेवटचे तीन अंक हलतील. आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५, ती कायम. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ७५ ते १०२ मध्ये कुठेतरी. शिवाय आपली संख्या ९ च्या पटीतली, म्हणून ती बेरीजही ९ च्या पटीत हवी. उरले ८१, ९० आणि ९९. ८१ वजा करा: शेवट २४०, अंकांची बेरीज ७५ + २ + ४ + ० = ८१. जुळलं! ९० वजा करून शेवट २३१, ९९ वजा करून २२२, दोन्हीकडे बेरीज ८१ च येते, जुळत नाही. म्हणून जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०. सतरा अंकी संख्येचा बाप तीन वजाबाक्यांत सापडतो, मशीन लागत नाही.

यादीत नसलेली एक चिठ्ठी माझ्याकडून. १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट आहे: १४४ + १२२५ = १३६९. तिघांना ३००३००३ ने गुणा.

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

उजवीकडची तुमची संख्या. म्हणजे ती दोन वर्गांची बेरीजही आहे, आणि शून्य सोडून अशी मांडणी ही एकच. कारण तिच्या मूळ अवयवांत ४ ने भागून १ उरणारा फक्त ३७ आहे. पोस्टरवर काटकोन त्रिकोण काढा आणि बाजूंवर हे तीन आकडे लिहा. भिंतीवरचं सगळ्यात सुंदर चित्र हेच होईल.

राहिलं डोंबिवलीचं. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. जीआयपी रेल्वेच्या (आताच्या मध्य रेल्वेच्या) डोंबिवली स्टेशनवर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून ते नाव. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात डेम्लो संख्यांवर लेख लिहिला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर जगाला कापरेकर माहीत झाले. हर्षद आणि देवळाली ही नावंही त्यांचीच. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'चं कौतुक सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

डेम्लोची खूण अशी: संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तुकडे करायचे. डावा आणि उजवा मिळवले की एकच अंक ओळीने यावा, आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक असावा. २५५३ बघा, २ + ३ = ५ आणि मध्ये ५५. आता तुमची संख्या: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. डावे-उजवे मिळवा, ९९९९९९९९. मध्ये ९. १२१, १२३२१, १२३४३२१ सगळ्यांना हे लागू पडतं. मुलांना कात्रीने कापून चिकटवायला द्या.

समांतर

सरांचं लिखाण नेहमीप्रमाणे वाचनीय, पण थोडा विरोधी सूर लावतो.

४५ विभाजक, न्यून, पूर्ण वर्ग, त्रिकूट: हे त्या *संख्येचे* गुण. पॅलिंड्रोम, हर्षद, डेम्लो, देवळाली: हे आपण ती *लिहितो कशी* त्याचे गुण. दशमान पद्धत हे संख्येच्या अंगावरचे कपडे आहेत. हीच १११११११११ सोळाच्या पायात (दहाऐवजी सोळा अंक, ९ नंतर ए ते एफ) लिहिली तर ६९एफ६बीसी७ होते. कुठे गेले ते नऊ एक, आणि त्यांच्या वर्गाचा १ पासून ९ पर्यंत चढून परत उतरणारा डोंगर? इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९ ही उलट्या अंकांची उदाहरणं देऊन हेच म्हटलंय. कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात फारसं काही नाही. मुलांना हा फरक पहिल्यापासून कळावा. नाहीतर पुढे ती संख्यांचं गणित म्हणून अंकज्योतिष वाचायला लागतात.

भिंतीचे दोन भाग करा, एवढंच सुचवतो.

सुनंदा_डोंबिवली

अबब! संध्याकाळी कॅश जुळवून घरी आले तर इथे एवढं सगळं. तिन्ही वजाबाक्या व्हाउचरच्या मागे करून बघितल्या, २४० वर ८१ जुळले तेव्हा शेजारच्या टेबलवरच्या जोशीबाईंनाही ओढून दाखवलं. 'परिपूर्ण' फाडली. पुतण्या म्हणतो ती त्याने कुठल्याशा ॲपला विचारून लिहिली होती.

समांतर यांचं पटतंय, पण मग डोंबिवली कपड्यांच्या बाजूला गेली की हो!

खडूफळा

समांतरराव, भिंतीचे दोन भाग करायला माझी ना नाही. हार्डींचा मान ठेवूनही हर्षद मात्र मी कपड्यांतून काढून संख्येच्या बाजूला ओढतो, आणि तोही तुमच्याच शस्त्राने.

आठाच्या पायात या. तिथे अंक ० ते ७, म्हणजे सगळ्यात उंच डोंगर ७ पर्यंत. सात एकांचा वर्ग करा: १२३४५६७६५४३२१, हे आठाच्या पायातलं लिखाण. आपल्या पद्धतीत ते सात एक म्हणजे २९९५९३ आणि त्याचा वर्ग ८९७५५९६५६४९. बघून कुणी ओळखेल का की हा डोंगर आहे? नाही. कपडे बदलले. आता त्या आठाच्या पायातल्या अंकांची बेरीज करा, १ ते ७ आणि परत १ पर्यंत, ४९. आणि ८९७५५९६५६४९ ला ४९ ने भागा. १८३१७५४४०१, बाकी शून्य.

योगायोग नाही. दशमानात ९ ची कसोटी चालते ना, अंकांची बेरीज ९ च्या पटीत तर संख्याही ९ च्या पटीत? आठाच्या पायात तीच कसोटी ७ साठी चालते, आणि कुठल्याही पायात त्या पायापेक्षा एक कमी असलेल्या संख्येसाठी. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो, वर्गाला ८१ ने. डोंगराच्या अंकांची बेरीज नेहमी शिखराचा वर्ग, इथे ८१. दोन्ही ८१ एकाच ठिकाणाहून आले. पाया कुठलाही घ्या, त्यातला सगळ्यात उंच डोंगर त्या पायात हर्षद असणारच. हे विधान दहा बोटांवर अवलंबून नाही.

आठ गायब होतो तेही तसंच. २९९५९३ ला ७ ने भागलं की ४२७९९, आणि ते आठाच्या पायात लिहिलं की १२३४५७. तिथे ६ गेला. कारण तोच हातचा.

तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो. दशमानातले बुटके डोंगर बहुतेक हर्षद नाहीत. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने नाही, सात एकांच्या डोंगराला ४९ ने नाही. पहिल्या नऊ डोंगरांत हर्षद तीनच: १, १२३२१ आणि आपली ही. म्हणजे एक, तीन आणि नऊ एकांचे. यात ३ आणि ९ आले ते दशमान पद्धतीमुळेच, कारण ते ९ चे विभाजक. तेव्हा कपडे आणि अंग इतकं सहज वेगळं करता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. पॅलिंड्रोम तुम्ही ठेवा तुमच्याकडे.

समांतर

सगळ्यात उंच डोंगराचं विधान मी कुठे वाचलं नव्हतं. सिद्धता दोन ओळींची आणि सरळ आहे. हर्षद तुमचा, सर. देवळालीवर अजून अडून आहे.

सुनंदा_डोंबिवली

ठरलं. मधोमध संख्या, वर ती वजाबाकी मोठ्या अक्षरांत, उजवीकडे काटकोन त्रिकोण, डावीकडे कात्रीने कापलेले तीन तुकडे. खाली एक रिकामी चौकट, 'या संख्येचा जनक शोधा', आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. हर्षदची चिठ्ठी बरोबर मध्ये लावते, दोन्ही बाजू खूष.

पुतण्याचा शेवटचा प्रश्न: दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर डोंगर आणखी उंच होतो का?

खडूफळा

नाही, कोसळतो. १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखरावर १० यायला हवेत, ते एका घरात मावत नाहीत, ० ठेवून हातचा नवाकडे, तिथेही ० ठेवून हातचा आठाकडे, आठाचा ९. उजवा उतार शाबूत, डाव्या चढावरचा ८ गेला, म्हणून पॅलिंड्रोमही मोडला. अंकांची बेरीज ८२, संख्या विषम, तेव्हा हर्षदही नाही.

पुतण्याला ॲप बंद करून चौकटीच्या वहीत उभा गुणाकार मांडायला सांगा, दहा ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत. सगळे एकच लिहायचे आहेत, पाढेसुद्धा लागत नाहीत. आणि बेरीज करताना हातचे वर लाल पेनाने लिहायला लावा.